अंदमानात शिडाने फिरायचं तर

जानेवारीत अंदमानात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. नाशिकला त्या वेळी सोमेश्वरला फिरायला जाणारी मंडळी अजून घरातून निघालेलीही नसतात. दोन्हीकडचं घड्याळ एकच, भारतीय प्रमाणवेळेचं. पण रेखांशात जवळपास १९ अंशांचा फरक असल्यामुळे हिवाळ्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी संपतो. जमिनीवरच्या पर्यटकाला याचा त्रास होत नाही, हॉटेलचे दिवे लागतात आणि काम भागतं. शिडाच्या बोटीवर असणाऱ्याला मात्र अख्खा दिवस या एका वेळेभोवती बेतावा लागतो. प्रवाळाच्या बेटांमध्ये अंधारात नांगर टाकायला जागा शोधणं म्हणजे बोट गमावण्याची तयारी करणं. म्हणून कुठे जायचं, कधी निघायचं, जेवण कधी, पोहणं कधी, हे सगळं नांगर टाकण्याच्या वेळेपासून उलटं मोजत ठरवायचं. या लेखातलं बाकीचं सगळं याच हिशेबाला धरून आहे.

नाशिक आणि अंदमान यांचं नातं जुनं आहे. १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला, त्यानंतरच्या खटल्यांत शिक्षा होऊन भगूरचे सावरकर १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये गेले. आज तिथल्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. नाशिकहून दरवर्षी कितीतरी कुटुंबं ती कोठडी पाहायला जातात, दोन दिवस फेरीने बेटं करतात आणि परततात. त्यांच्यातल्या ज्यांना ही बेटं शिडाखाली, वाऱ्याच्या वेगाने, चार-सहा दिवस पाण्यावर राहून पाहायची आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. फुकेतला किंवा सेशेल्सला प्रमाणपत्र दाखवलं की रिकामी बोट ताब्यात मिळते आणि तुम्हीच तिचे तांडेल होता. अंदमानात असा धंदा रुळलेला नाही. तिथे बोट तांडेलासकटच घ्यावी, आणि पहिल्या खेपेला ते हिताचंही आहे, कारण तिथली माहिती नकाशापेक्षा माणसांकडे जास्त आहे. पण तांडेल आहे म्हणून आपण गादीवर बसून राहायचं, असं समजू नका. चाळीस फुटी बोटीवर तो आणि फार तर एक मदतनीस असतो. रात्री वारा फिरला, नांगर सरकला, तर दोर ओढायला तुमचेच हात लागतात. शिवाय ज्याला शीड कळतं त्यालाच तांडेलाला नेमके प्रश्न विचारता येतात.

तर तयारी नाशिकपासून. पहिलं पोहणं, तेही तलावाच्या काठाला धरून नव्हे. अंगावर शर्ट-पँट ठेवून दोनशे मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे आणि दहा मिनिटं पाण्यात उभं राहता आलं पाहिजे. महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावात तीन महिने नियमाने गेलात तर एवढं साधतं. ज्यांना वाटतं की दुष्काळी भागातल्या माणसाचं पाण्याशी जमत नाही, त्यांनी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळकडे पाहावं. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हं हाती घेतलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला. पाणी उशिरा शिकलं तरी चालतं, नीट शिकावं लागतं इतकंच.

गंगापूर धरणाच्या काठावर, बोट क्लबच्या बाजूला, एखादा तास नुसता वारा बघण्यात घालवा. पाण्यावर जिथे वाऱ्याची झुळूक उतरते तिथे पृष्ठभाग काळपट होतो आणि बारीक लहरी उठतात. तो पट्टा कुठून येतोय, किती वेळात आपल्यापर्यंत पोचतोय, डोंगराच्या आडोशाला वारा कसा मरतो आणि खिंडीतून कसा जोरात सुटतो, हे डोळ्यांना कळू लागलं की शिडाचं निम्मं शिक्षण झालं. गाठी घरीच शिका. बोलाइन, आठाची गाठ आणि खुंट्याला दोर अडकवायची पद्धत, या तिन्ही डोळे मिटून आल्या पाहिजेत, कारण त्या लागतात तेव्हा बहुधा अंधार आणि पाऊस असतो.

प्रत्यक्ष शिडासाठी मुंबई गाठावी लागेल. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या बंदरात आणि मांडव्याच्या बाजूला शिडाचे वर्ग चालतात. सुरुवात छोट्या डिंगीवर करा, मोठ्या बोटीवर नको. मोठी बोट चुका पोटात घालते, डिंगी लगेच उलटते. सुकाणू चुकीच्या बाजूला ढकललं, शरीराचं वजन वेळेवर सरकवलं नाही, की तुम्ही पाण्यात. तीन-चारदा उलटून बोट पुन्हा सरळ केली की भीती जाते आणि हात आपोआप शहाणे होतात. त्यानंतर मोठ्या बोटीवरचा पाच दिवसांचा खलाशी अभ्यासक्रम करावा. ब्रिटनच्या आरवायए या नौकानयन संघटनेची प्रमाणपत्रं जगभर चालतात. पुढे कधी फुकेतला स्वतः बोट घ्यायची असेल तर ती उपयोगी पडतील.

अंदमानाच्या आधी एक खेप कोकणात करावी, असा माझा आग्रह आहे. मांडव्याहून दक्षिणेला थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी उभे आहेत. खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तटबंदीचं काम काढलं आणि इंग्रजांशी झुंज देत ते पुरं केलं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत खांदेरी आहे. शिकणाऱ्यासाठी हा टापू अतिशय चांगला आहे, कारण हिवाळ्यात तिथला वारा शाळेच्या भूगोलाप्रमाणे वागतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दहा-अकराच्या सुमारास मरतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. सकाळच्या वाऱ्याने निघायचं, मधली शांतता सोसायची, दुपारच्या वाऱ्याने परतायचं. एका दिवसात तिन्ही धडे मिळतात. धोकाही खरा आहे: किनाऱ्याजवळ खुंटांना बांधलेली डोल जाळी. त्यांचे बोये दुपारच्या चकाकीत दिसत नाहीत आणि दोर पंख्यात गुंतला की बोट अडकते, कोळ्याचंही नुकसान होतं. म्हणून पुढच्या टोकाला एक माणूस फक्त बघायला उभा ठेवा.

भरती-ओहोटीचं गणित नाशिककरांच्या घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच टांगलेलं असतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरहून जास्त चढउतार करतं, अंदमानात साधारण दोन मीटर. पाऊणपटीचा हिशेब अंदमानात चालणार नाही, तिथली भरती वेगळ्या वेळी येते आणि त्यासाठी त्या बंदराचं भरतीचं कोष्टकच हवं. पण उधाण आणि भांगाचे दिवस मात्र तेच राहतात, आणि ते महत्त्वाचे आहेत. प्रवाळावरून जेमतेम पाणी असलेल्या वाटेने जायचं असेल तर चढत्या भरतीत जा. बोट टेकलीच तर पुढच्या तासात पाणी तिला उचलेल. उतरत्या पाण्यात टेकली तर सहा तास ती तिथेच, कलंडलेली.

हंगामाबद्दल फार बोलायची गरज नाही. अंदमानला दोन्ही मोसमी पाऊस लागतात. मेपासून नैर्ऋत्येचा जोर, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळाच्या सुरुवातीच्या टप्प्यात हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकून पडले, नौदलाला त्यांना बाहेर काढावं लागलं. जानेवारीचा मध्य ते एप्रिलचा पहिला आठवडा हाच शिडाचा काळ धरा. नाताळची सुट्टी सोयीची वाटते, पण तिच्यासाठी हवामानाशी पैज लावू नका.

आता मार्ग. या मोसमात वारा ईशान्येचा असतो. श्री विजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीप (हॅवलॉक) ईशान्येला सुमारे २५ सागरी मैल आहे. म्हणजे जायचंय तिथूनच वारा येतो. शिडाची कुठलीही बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांच्या तिरक्या टप्प्यांनी डावीकडे-उजवीकडे वळत पुढे सरकावं लागतं. त्यामुळे २५ मैलांचे ३५ होतात, आणि पाच नॉट वेगाने त्याला सात तास, प्रवाह विरुद्ध असेल तर आठ. सकाळी सहाला, उजाडताना निघालात तर दोनला पोचाल. सूर्यास्त सव्वापाचला, पण प्रवाळ दिसण्यासाठी सूर्य डोक्यावर लागतो, म्हणून नांगर तीनपर्यंत पडला पाहिजे. हातात उरतो फक्त एक तास. पहिल्याच दिवशी, कुणाला ना कुणाला बोट लागलेली असताना, एवढ्या तुटपुंज्या वेळेवर विसंबू नये.

म्हणून पहिला मुक्काम शहीद द्वीप (नील) ठेवा. अंतर सुमारे २० मैल. दिशा तीच त्रासाची, पण पल्ला कमी, आणि गरज पडली तर इंजिन लावून वेळ गाठता येतो. दुसऱ्या दिवशी नीलहून स्वराज द्वीपला जा. हे १२-१३ मैल जवळजवळ उत्तरेला आहेत, वारा बोटीच्या उजव्या बाजूने येतो आणि बोट एका अंगाला कलून सुरेख पळते. शीड म्हणजे काय ते या तीन तासांत कळतं. परतीला स्वराज द्वीपहून दक्षिण-नैर्ऋत्येला, पाठीवर वारा घेऊन यायचं. थकलेल्या मंडळींसाठी हा पल्ला सगळ्यांत सोपा, फक्त पाठीमागच्या वाऱ्यात शिडाची आडवी काठी अचानक दुसऱ्या बाजूला झेपावते. तिच्या वाटेत कुणाचं डोकं येऊ देऊ नका आणि ती दोराने बांधून ठेवा. बऱ्याच पर्यटन कंपन्या आधी स्वराज द्वीप देतात, कारण तिथे राधानगरचा किनारा आहे. फेरीसाठी ते ठीक, शिडासाठी हा उलटा क्रम मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

मुक्कामाची बाजूही वाराच ठरवतो. ईशान्येच्या वाऱ्यात बेटाची पश्चिम बाजू आडोशाची, पूर्व बाजू उघडी. राधानगरचा किनारा पश्चिमेकडे आहे, म्हणून जानेवारी-मार्चमध्ये तो योग्य. तोच किनारा मेच्या अखेरीस, वारा नैर्ऋत्येला फिरल्यावर, धोक्याचा होतो. आदल्या वर्षी कुणी कुठे राहिलं याला अर्थ नाही, कुठल्या महिन्यात राहिलं ते विचारा.

प्रवाळातून जाताना सगळं डोळ्यांवर असतं. सूर्य पाठीशी आणि उंच हवा, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी अडीच. चष्मा पोलरॉइड. एक माणूस शक्य तितक्या उंच जागी उभा राहून पाण्याचा रंग सांगतो. गडद निळा म्हणजे खोल. फिकट हिरवा-निळा म्हणजे खाली वाळू, पाच-सात मीटर. तपकिरी किंवा पिवळट डाग म्हणजे प्रवाळ, आणि तो पृष्ठभागाच्या किती जवळ आहे ते रंगाच्या गडदपणावरून कळत नाही, म्हणून टाळायचाच. ढगाची सावलीही प्रवाळासारखी दिसते, फरक इतकाच की ती सरकते.

इथे नकाशाबद्दल एक सावधगिरी. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयाचे सागरी नकाशे अधिकृत आहेत आणि तेच वापरावेत. पण २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाने ही बेटं कलली. पोर्ट ब्लेअरच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर खचली, उत्तर अंदमानच्या वायव्य बाजूचे प्रवाळ पाण्याबाहेर आले, आणि ग्रेट निकोबारचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. एखाद्या बोटीवर त्याआधीच्या मोजणीचा जुना नकाशा असेल तर तिथल्या उथळ आकड्यांवर भरवसा नको. मोबाइलमधल्या सुबक नकाशाचा आधारही कुठल्या वर्षीच्या मोजणीचा आहे, ते तांडेलाला विचारा.

नांगर वाळूत टाका, प्रवाळावर कधीच नाही. खोली दहा मीटर असेल तर निदान पन्नास मीटर साखळी सोडा, दोर असेल तर सत्तर. नांगर पडल्यावर इंजिन हळू मागे घेऊन तो रुतला का ते बघा. मग काठावरच्या दोन खुणा, एक झाड आणि मागचा एक कडा, एका रेषेत पकडा. अर्ध्या तासाने त्या रेषेत नसतील तर नांगर सरकतोय. पोहणाऱ्या माणसाने मुखवटा लावून खाली जाऊन तो प्रत्यक्ष पाहावा. पण खाडीच्या तोंडाजवळ, तिवराच्या झाडीपाशी पाण्यात उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, माणसं गेली आहेत. जिथे इशाऱ्याची पाटी आहे तिथे चर्चा नको.

बोट ठरवताना मालकाला पैशांआधी हे विचारा: नोंदणी आणि विमा चालू आहे का, तांडेलाचं प्रमाणपत्र कोणतं, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं किती, दुसरा नांगर आहे का, साखळी किती मीटर, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालतो का, ४०६ मेगाहर्ट्झचा संकट-सूचक आहे का. उत्तर फोनवर नको, लिहून किंवा फोटोसह हवं. बंदर कार्यालयाला मार्ग आणि मुक्काम कळवण्याची जबाबदारी कुणाची तेही लिहून घ्या. समुद्रात तटरक्षक दलाचा नंबर १५५४. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडून आणि वादळाचा हवामान खात्याकडून रोज बघा, दोन्ही फुकट आहेत. परदेशातल्या नातेवाइकांनी भेट दिलेला सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र घरीच ठेवा. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, त्यापायी विमानतळावर अटका झाल्या आहेत.

काही पाणी आपल्यासाठी नाही, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. १९५६ च्या नियमानुसार आदिवासींच्या राखीव भागात प्रवेश नाही. उत्तर सेंटिनल बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत जायचं नाही. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण तिथे चोरून गेला आणि मारला गेला. त्याहून मोठा धोका उलट दिशेने आहे. आपला साधा सर्दी-ताप त्या माणसांना संपवू शकतो. दक्षिण आणि मध्य अंदमानचा पश्चिम किनारा जारवांचा आहे, तिथेही नाही. स्वराज द्वीपच्या शेजारच्या जॉन लॉरेन्स, हेन्री लॉरेन्स या बेटांचा परिसर राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे वनखात्याची परवानगी लागते. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

खाण्याचं सामान नाशिककरांना सांगायला नको, तरी दोन शब्द. पालेभाजी दुसऱ्या दिवशी जाते. कांदा, बटाटा, लसूण, भोपळा हवेशीर जाळीत टिकतात, फ्रिजचा भरवसा नको. भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे, गूळ-शेंगदाणे यांवर हलत्या बोटीवरही कुणी उपाशी राहत नाही. कुकर न्या, गॅस वाचतो आणि झाकण बंद असल्याने लाटेत आमटी अंगावर सांडत नाही. पिण्या-रांधण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, त्यावर दोन दिवसांचं जास्त. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पहिल्या सकाळी तळलेलं नको. ज्याला मळमळतं त्याच्या हातात सुकाणू द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा, औषधापेक्षा लवकर गुण येतो.

मुलं सोबत असतील तर निघायच्या आधी नाशिकच्या गच्चीवरून ध्रुव तारा मोजायला लावा. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. नाशिक २० अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर. स्वराज द्वीप १२ वर, तिथे एका मुठीहून थोडासाच वर दिसेल. आपण किती दक्षिणेला आलो हे मुलं स्वतःच्या हाताने मोजतील, आणि शेकडो वर्षं दर्यावर्दी अक्षांश कसे ओळखत ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

खर्चाची तुलना करताना बोटीचं भाडं माणशी आणि दिवसागणिक काढा आणि त्यातून हॉटेल, फेरी, गाडी वजा करा. सहा जणांच्या गटाला तेव्हा आकडा वाटतो तितका भारी पडत नाही. दोघांसाठी मात्र पडतो, त्यांनी दुसऱ्या गटात सामील व्हावं. बुकिंग दिवाळीच्या आधी करा. आणि परतीचं विमान बोटीच्या शेवटच्या दिवशीचं कधीही घेऊ नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. वारा वाढला तर तांडेलाने स्वराज द्वीपच्या आडोशाला आणखी एक रात्र थांबायचं ठरवलं पाहिजे, आणि तिकिटाकडे बघून त्याला निघायला लावणारं बोटीवर कुणी असता कामा नये. मोकळे दिवस उरलेच, तर सेल्युलर जेल श्री विजयपुरममध्येच आहे.